बिनभंडाऱ्याचा शब्द

परशराम पाटील स्वतःच्या हातानं चहाची किटली घेऊन रानात आला, तेव्हाच मार्थाबाईनं ओळखलं, आज काहीतरी नासकं निघणार. एवढ्या वर्षांत या माणसानं रोजगारी बायकांपुढं पाण्याचा तांब्या कधी केला नव्हता. बांधावर मोटारसायकल उभी करायची, खाली न उतरता 'उरका, उरका' म्हणायचं आणि धूळ उडवत निघून जायचं, ही त्याची रीत. आज मात्र हातात किटली, खिशात कागदी कप आणि तोंडावर सोयरिकीला आल्यासारखं हसू.

तंबाखूची खुडणी चालली होती. शिरगट्टीचं रान वेदगंगेच्या काठचं, काळंभोर. थंडी पडली की वरून भेगाळतं आणि आत ओल धरून बसतं. बायका ओळीनं वाकून शेंडे आणि फुटवे खुडत होत्या. तंबाखूचा चीक एकदा हाताला बसला की राखेनं घासा नाहीतर दगडानं, भाकरी कडू लागायची ती लागतेच.

"मार्था, जरा हिकडं ये. बाकीच्यांनी च्या घ्या."

"हितनंच बोला की आण्णा. हात चिकट हाईत."

"अगं ये गं. घरचं बोलायचं हाय."

घरचं! पाटलाच्या आणि मार्थाबाईच्या घराचं नातं एवढंच, की तिचा सासरा, तिचा नवरा आणि ती स्वतः, तिघांनीही याच्या रानात कंबर मोडून घेतली होती. ती पदराला हात पुसत बांधावर गेली. चहा तिनं घेतला नाही.

"सोमवारी बिरदेवाच्या देवळात बैठक हाय," परशराम हळू आवाजात म्हणाला. "नागुबाईच्या वाटंची. तुला बोलवत्यात. तू सांगायचं, गाडीवाट हितं कवाच नव्हती. बायका गवताला जायच्या, तेवढी पायवाट."

"गाडीवाट होती की, आण्णा."

"ते तुलाबी ठावं हाय, मलाबी ठावं हाय. म्हणून तर च्या घेऊन आलोय."

निदान एवढं तरी तो खरं बोलला.

वाटेची गोष्ट गावात कुणाला नवी नव्हती. नागुबाईचं रान पाटलाच्या रानामागं. नवरा गेल्यापासून ती एकटीच कसते. तिच्या रानाला जायला पाटलाच्या बांधाकडेनं जुनी गाडीवाट होती. तिचा सासरा त्या वाटेनं खताच्या गाड्या न्यायचा. सरकारी नकाशात ती नव्हती, पण गावातल्या निम्म्या वाटा नकाशात नाहीत. यंदा दसऱ्याच्या मागंपुढं परशरामनं त्या वाटेवर नांगर घातला, सरी सोडली, ऊस लावला आणि हात झटकून सांगितलं, इथं वाट नव्हतीच. आता नागुबाईचा ऊस तोडीला आला, आणि ट्रॉली आत न्यायला रस्ता नाही. उभ्या उसाला तुरे फुटले. पोलिसांनी सांगितलं, गावातच मिटवा. कोर्टात गेलात तर निकाल ऐकायला नातवंडं लागतील.

शिरगट्टीत गावातलं मिटवायचं म्हणजे बिरदेवाचं देऊळ, आणि साक्ष म्हणजे भंडारा. देवापुढच्या परातीतली हळद मुठीत घ्यायची, कपाळाला लावायची आणि बोलायचं. मुठीत भंडारा घेऊन खोटं बोलला त्याचं घर बसतं, अशी पक्की समजूत. हीच माणसं तालुक्याच्या कचेरीत तोंड वर करून खोटं बोलून येतात, कोर्टात ठोकून देतात, आणि वर हॉटेलात बसून त्याची मजा सांगतात. पण बिरदेवापुढं त्यांची जीभ जड होते. खोटं बोलावं तर देवाची भीती, खरं बोलावं तर पाटलाची. त्यामुळं वाट ज्यांनी बघितली होती त्या म्हाताऱ्यांची मोठी धांदल उडाली. गुंडूतात्याला हगवण लागली. भावकूनं लेक दिल्यापासून तिच्या दारात पाय ठेवला नव्हता, त्याला अचानक लेकीची माया आली आणि तो कंग्राळीला जाऊन बसला. राहिली मार्थाबाई. नागुबाई पंचांपुढं म्हणाली, "मार्थाक्का म्हणंल ते मला मान्य." परशरामही लगेच म्हणाला, "मलाबी मान्य." तो इतक्या लगेच का म्हणाला, ते आज किटलीबरोबर कळत होतं.

मार्थाबाईच्या घराला भंडारा नाही, ही गावाची जुनी सवलत. तिचा सासरा दाविद पहिल्यांदा साक्षीला गेला, तेव्हा पंचांनी परात पुढं केली. तो म्हणाला, आमच्यात शपथ घेत नाहीत. आहे ते आहे म्हणेन, नाही ते नाही. पंच भडकले. पण त्याच वर्षी कुणाचा तरी शाळू रातोरात खाल्ला गेला, आळ भलत्यावर आला, आणि दाविद आपणहून देवळात येऊन म्हणाला, "माझ्या म्हशीनं खाल्ला. कुणी बघितलं न्हाय, पर माझीच म्हस." त्याला भरपाईला म्हैसच द्यावी लागली. तेव्हापासून गावात ठरून गेलं, की त्या घरचा नुसता शब्द चालेल. गावाला त्याचं कौतुक होतं अशातला भाग नाही. आयता खरा माणूस हाताशी असलेला बरा, एवढंच.

"बघ मार्था," परशराम समजावून सांगत होता, लहान पोराला सांगावं तसं, "आमी खोटं बोललो तर बिरदेव सोडत न्हाय. माझ्या मामाचं घर बघितलंस न्हवं? तुझं तसं न्हाय. तुला भंडारा उचलायचाच न्हाय. नुसतं तोंडानं बोलायचं. तुझ्या घरावर कायबी येत न्हाय. तुमचा देव तर माफच करतो म्हणं."

मार्थाबाई त्याच्याकडं बघत राहिली. हा माणूस चेष्टा करत नव्हता. त्याला मनापासून असं वाटत होतं, की भंडारा नाही म्हणजे या घरात देवच नाही, निदान चावणारा तरी नाही. अख्ख्या गावाला खोटं बोलायला एक माणूस हवा होता, आणि गावानं नेमकं खरं बोलणारं घर निवडलं होतं! तिला हसू येणार होतं, पण परशरामचं पुढचं बोलणं ऐकून ते घशातच राहिलं.

"फुकट न्हाय सांगत. माळावर शाळंच्या मागं माझं पडीक हाय. त्यातलं दोन गुंठं देतो. तुमच्या चार घरांस्नी, माणूस पुरायला. कागद करून देतो."

मार्थाबाईचा हात पदरातच थांबला.

शिरगट्टीत ख्रिस्ती घरं चार, आणि चारही घरांना मिळून पुरायला हक्काची वीतभर जागा नाही. आजवर सगळी माणसं ओढ्याकाठी पुरली. ओढा वेदगंगेला मिळतो. एकोणीस सालच्या पुरात नदी उलटी ओढ्यात शिरली आणि पंधरवड्यानं पाणी ओसरलं तेव्हा काठ सरळ कापून गेला होता. दाविदची कबर त्या काठात होती. मार्थाबाईची सासू सालोमी चिखलात गुडघाभर उतरून नवऱ्याचा लाकडी क्रूस शोधत फिरली होती. लोकांनी धरून आणली. तेव्हापासून म्हातारी एकच बोलते. मला पाण्यात टाकू नका. जेवताना, झोपताना, भक्तीला बसल्यावरसुद्धा. आता तिला खाटेवरून उठवत नाही, पण हे बोलणं काही थांबलेलं नाही.

"सोमवारपातूर इचार कर," म्हणून परशराम गेला. किटली बायकांनी रिकामी केली होती.

घरी येईपर्यंत बातमी तिच्या आधी पोचली होती. नवरा शांतवन दारातच उभा होता. हा माणूस वाईट नाही. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधावर उभं राहून त्याला स्वतःचं असं मत उरलेलं नाही.

"दोन गुंठं म्हणाला व्हय?"

"व्हय."

"कागद करून?"

"व्हय म्हटलं की. आणि काय म्हणाला ते न्हाय इचारत?"

"ते कळलं." शांतवन खाली बघून म्हणाला. "आईचा इचार कर गं. नागुबाई काय, तिचा भाऊ हाय निपाणीला, काढंल कायतर मार्ग. आपल्या आईला कोण हाय?"

आत खाटेवरून सालोमीनं हाक मारली. मार्थाबाईला वाटलं, निदान म्हातारी तरी आपल्या बाजूनं असेल. दाविदची बायको होती ती. म्हैस दावणीतून सोडून दिली तेव्हा तिनं एक शब्द काढला नव्हता.

"मार्था गं," म्हातारीनं तिचा चिकट हात धरला, "एक डाव बोल की गं खोटं. एकच डाव. मी लौकरच जाणार हाय वर. मी सांगतो त्येला, पोरीनं माझ्यासाठी केलं म्हणून."

"आत्ती, मामा असते तर काय म्हणाले असते?"

"मामा व्हावत गेला न्हवं!" म्हातारी एकदम खेकसली. "खरं बोलून बोलून व्हावत गेला."

मार्थाबाई उठून चुलीकडं गेली. तिनं चूल पेटवली. आपल्या देवाचा तिला राग आला, हे तिनं स्वतःशी कबूल केलं. पाटलानं वाईट गोष्टीसाठी वाईट काही देऊ केलं असतं तर थुंकून मोकळी झाली असती. त्यानं नेमकी तिच्या सासूची कबर देऊ केली होती.

रविवारी उपासनेला पाळकसाहेब आले. देवदान पाळक बेळगावहून महिन्यातून एकदा यायचे. एरवी एसटीनं यायचे आणि कंबर दुखते म्हणून सांगायचे. आज पाटलाच्या गाडीतून उतरले. पांढरा सदरा, इस्त्रीचा, आणि अत्तराचा वास. मार्थाबाईच्या ओसरीवर चार घरांची माणसं बसली होती. पाळकसाहेबांनी प्रार्थना छान केली. प्रार्थना त्यांची छानच असते. मग सगळ्यांना बसायला सांगून त्यांनी घसा साफ केला.

"मार्थाबाई, प्रभूनं आपल्यासाठी एक दार उघडलं आहे. परशरामरावांचं मन त्यानं मऊ केलं. किती वर्षं आपण या जागेसाठी प्रार्थना केली!"

"दार प्रभूनं उघडलं, का पाटलानं, पाळकसाहेब?"

"त्याचे मार्ग आपल्याला कळत नाहीत. आणि हे बघा, आपण काही चोरी करत नाही. ही जमिनीची भानगड, त्यांचं त्यांच्यात. आपल्या मंडळीचं हित बघायला नको का? थोडं शहाणपणानं घ्यावं लागतं. आणि क्षमा आहेच की. क्षमेसाठीच तर तो आला."

"म्हणजे पाटील म्हणतो तेच की."

"काय म्हणतात ते?"

"तुमचा देव माफ करतो, म्हणून तुमचं खोटं सवंग. बिरदेव माफ करत न्हाय, म्हणून त्याच्यापुढं कुणी बोलत न्हाय. असंच म्हणाला तो. मला वाटलं, अडाणी हाय, त्याला ठावं न्हाय. तुमीबी तेच सांगालाय, आणि इस्त्रीचा सदरा घालून!"

शांतवननं डोळे मिटून घेतले. बाकीच्या तीन घरांची माणसं जमिनीकडं बघू लागली. पाळकसाहेबांचा चेहरा लाल झाला, पण ते शिकलेले होते, हसले. त्यांनी खिशातून एक कागद काढून शांतवनला दाखवला. दफनभूमीच्या कमानीचं चित्र होतं. वर क्रूस, खाली पाटलाचं नाव देणगीदार म्हणून, आणि त्याखाली, थोड्या मोठ्या अक्षरात, पाळकसाहेबांचं. जागा अजून हातात आली नव्हती आणि कमान तयार होती.

"विचार करा," जाताना ते म्हणाले. "नाताळच्या आधी शुभवार्ता मिळाली तर मंडळीला किती आनंद होईल!"

पाटलाची गाडी बाहेर थांबलीच होती.

सोमवारी बिरदेवाच्या देवळापुढं गाव लोटलं. इतर कामांना माणूस मिळत नाही, पण दुसऱ्याची फजिती बघायला शिरगट्टी नेहमी रिकामी असते. गुंडूतात्यासुद्धा कडेला येऊन बसला होता. तमाशा बघायला हगवण आडवी येत नाही. मधे पंच, पंचांत मोठा भरमाआप्पा. देवापुढं भंडाऱ्याची परात. नागुबाई खांबाला टेकून उभी होती, आणि परशराम पायावर पाय टाकून बसला होता.

"दाविदच्या घरची मार्था," भरमाआप्पा म्हणाला. "पुढं ये. तुला भंडारा न्हाय. जे हाय ते बोल."

मार्थाबाई पुढं आली. मागं शांतवन होता. त्याच्या मागं, अंगणाच्या कडेला, बाकीच्या तीन घरांतली माणसं. त्यांच्या चेहऱ्याकडं तिनं बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलता आलं नसतं, हे तिला पक्कं माहीत होतं. घरी खाटेवर म्हातारी वाट बघत पडली होती. तिला आठवलं, की सकाळी निघताना तिनं आत्तीला पेज पाजली आणि आत्तीनं तिच्या गालावरून हात फिरवला. तो हात अजून गालावर होता.

"वाट हाय," ती म्हणाली. "चिंचेपासनं निघती, बांधाकडंनं जाती, विहिरीपाशी वळती आणि नागुबाईच्या रानात शिरती. गाडीवाट. त्या वाटंनं मी खताच्या गाडीवर बसून गेलोय. दसऱ्याला आण्णांनी नांगरली. त्या दिवशी मी त्याच रानात रोजगाराला होतो. चिंचेच्या बुडाशी अजून चाकोरी दिसती, जावून बघा."

परशरामनं पायावरचा पाय खाली घेतला.

"नीट आठवून बोल, मार्था," तो म्हणाला.

"आठवूनच बोलालोय आण्णा. आणखी एक बोलतो. तुमी सगळ्यांनी मिळून मला हितं उभं केलंसा. का? भंडारा उचलून खोटं बोलायला तुमास्नी भ्या वाटतंय. ते बरं हाय, देवाला भ्यावंच. पर तुमास्नी वाटलं, हिच्या घरात परात न्हाय, म्हणून हिचा देव आंधळा हाय. चार ख्रिस्ती घरं म्हणजे गावाची मोरी, काय बी टाकलं तरी चालतंय! माझ्या देवाला परात लागत न्हाय. मी चूल पेटवताना तो हाय, खुडताना हाय, आणि आण्णा, तुमी च्या घेऊन आलता तवाबी होता."

गर्दीत कुणीतरी हसलं आणि लगेच ते हसू खोकल्यात बदललं. भरमाआप्पानं मिशीवरून हात फिरवला.

"मलाबी तसंच वाटत होतं," तो म्हणाला. "वाट हाय म्हणून."

"म्याबी गेलतो की त्या वाटंनं," गुंडूतात्या कडेला बसूनच ओरडला. "लई वेळा!"

आणि मग सगळ्यांनाच वाट आठवली. कुणाला त्या वाटेवर गाडीचा आस मोडलेला आठवला, कुणाला वरात गेलेली आठवली. एका बाईनं तोंड उघडल्यावर या मर्दांच्या तोंडातल्या मिठाच्या गुळण्या विरघळल्या. मार्थाबाईला इतकी किळस आली, की निकाल ऐकायलाही ती थांबली नाही.

निकाल नागुबाईच्या बाजूनं लागला. परशरामनं ऊस उपटून वाट मोकळी केली. नागुबाईची ट्रॉली बाहेर पडली आणि तिनं मार्थाबाईच्या घरी एक भेली गूळ आणून दिला. तेवढ्यात शांतवननं संधी साधून विचारलं, तुझ्या रानाच्या वरच्या अंगाला एक कोपरा आईसाठी देशील काय? नागुबाईनं तोंडावर पदर घेतला.

"अगं बाई! माझ्या रानात मढं? दुसरं काय बी मागा, शांतवनभावजी. उद्या त्या रानात रोजगारी यायच्या न्हाईत."

गूळ मात्र चांगला होता. परशरामनं मार्थाबाईला कामावर बोलवायचं बंद केलं आणि इतरांनाही तसं सांगितलं, म्हणून ती नदीपलीकडं रोजगाराला जाऊ लागली. नाताळला पाळकसाहेब आले नाहीत. कार्यक्रम फार आहेत, असा निरोप आला. सालोमी सुनेशी बोलेना. पेज पाजताना तोंड उघडायची, पण डोळे मिटून.

उन्हाळ्यात परशराम पुन्हा दारात आला. या वेळी किटली नव्हती. त्याचा धाकटा भाऊ नागेंद्र बेळगावात नोकरीला होता. तो गावी आला, आणि बांधावरची बोअर आपल्या वाटणीत येते, म्हणून त्यानं बैठक बोलवली. वाटणी बापानं तोंडी केली होती. बोअर परशरामची, असं म्हातारा रानात उभा राहून सांगत होता, तेव्हा शेजारच्या सरीत खुरपत बसलेली मार्थाबाई तेवढी हजर होती. बोअर गेली तर परशरामचं सगळं रान वाळणार होतं. नागेंद्रचा सासरा पुढारी होता, त्यामुळं गावातली माणसं आधीच त्याच्या बाजूला सरकली होती. ज्या वाऱ्यानं पाटील आजवर इतरांना उडवत आला, तोच वारा आता त्याच्या अंगावर येत होता.

"तू ऐकलंस न्हवं मार्था?" तो अजिजीनं म्हणाला. "आबा बोलले ते?"

"ऐकलंय."

"मग येवून सांग. तुझ्या शब्दापुढं नागेंद्रचं कायबी चालत न्हाय."

शांतवननं तिला खुणेनं आत बोलवलं. त्याचे डोळे चमकत होते. "आता माग," तो कुजबुजला. "आता काय खोटं बोलायचं हाय? खरंच तर बोलायचंय! मग त्याचं दोन गुंठं घेतलं तर कुठं बिघडलं?"

खाटेवर सालोमीनं डोळे उघडले. किती महिन्यांनी ती सुनेकडं सरळ बघत होती. "माग गं पोरी," ती म्हणाली.

मार्थाबाई मागायला म्हणूनच बाहेर आली. मनात वाक्य तयार होतं. देवानंच हिशेब सरळ करून दिला, असंसुद्धा तिला वाटून गेलं. पण तिनं तोंड उघडायच्या आधीच परशराम बोलला.

"दोन गुंठं देतो. मागं म्हटलं होतं तेवढंच. आज कागद करतो."

तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. डिसेंबरात त्यानं खोट्याला जो भाव लावला होता तोच आज खऱ्याला लावला होता, आणि त्यात काही चुकतंय हे त्याच्या गावीही नव्हतं. तिच्या मनातलं वाक्य जागच्या जागी विटलं.

"आण्णा, मी बैठकीला येतो. ऐकलंय ते सांगतो. गुंठं नकोत."

"का गं? खरं तर बोलायचंय!"

"खऱ्याचं मोल घेतलं, तर मग खोट्याचं का घेतलं न्हाय म्हणून कुणाला सांगू? जागा द्यायची तर बैठक झाल्यावर द्या. अशीच द्या. ही चार घरं मेल्यावर जाणार कुठं म्हणून द्या. माझ्या तोंडाला बांधून न्हाय."

आत शांतवननं कपाळावर हात मारलेला ऐकू आला. परशरामला आधी विश्वासच बसला नाही. मग त्याला एकदम हलकं वाटलं, आणि ते हलकेपण त्याला लपवतासुद्धा आलं नाही.

"देणार की! देणार, देणार," म्हणत तो पायऱ्या उतरला.

बैठकीत मार्थाबाईनं ऐकलं होतं ते सांगितलं. बोअर परशरामची राहिली. देवळातून बाहेर पडताना त्यानं हात जोडले आणि जागेचं पावसाळा झाल्यावर बघूया म्हणाला. पाळकसाहेबांनी मात्र कुठल्याशा सभेत शिरगट्टीच्या या बहिणीची साक्ष मोठ्या गौरवानं सांगितली, असं कानावर आलं. आपण काय सल्ला दिला होता, ते सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं असेल.

सालोमी आषाढात गेली. शेवटचे काही दिवस ती पुन्हा सुनेशी बोलत होती, पण जागेचं नाव तिनं काढलं नाही. बाहेर पाऊस लागून राहिला होता आणि खाटेवरून तिला तो ऐकू यायचा. जायच्या आदल्या दिवशी तिनं मार्थाबाईला जवळ बोलवून एवढंच विचारलं, "खोल खणाल न्हवं?" मार्थाबाई हो म्हणाली आणि मागच्या दारात जाऊन रडली. देवाशी ती त्या दिवशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बोलली, कारण दुसरं कुणी नव्हतं.

ओढ्याकाठी जरा वरच्या अंगाला चार घरांच्या माणसांनी खड्डा खणला. काळी माती, फावड्याला चिकटायची. वरून काढावी तेवढं खालून पाणी झिरपायचं. शांतवन आत उतरून घमेल्यानं पाणी उपसत होता. पाळकसाहेब आले होते, चपला हातात घेऊन. परशरामही आला होता, मोठी काळी छत्री घेऊन. त्यानं पाळकसाहेबांना आदरानं छत्रीखाली घेतलं आणि दोघं खड्ड्याच्या अगदी काठाशी, पुढं होऊन उभे राहिले.

"लई खऱ्या माणसांचं घर, पाळकसाहेब," परशराम गदगदून म्हणाला. "उभ्या तालुक्यात असलं घर न्हाय. ह्यांचा शब्द म्हणजे शब्द."

"प्रभू त्यांना प्रतिफळ देईल," पाळकसाहेब म्हणाले.

मार्थाबाई सासूच्या उशाशी चिखलात बसली होती. तिनं मान वर केली.

"आण्णा, छत्री तेवढी मागं घ्या. तुमचं पाणी आत्तीच्या खड्ड्यात पडालंय."

दोघं दोन पावलं मागं सरकले. शांतवन घमेलं भरून वर देत होता, आणि ती उठून ते घ्यायला गेली.